टचिंग

निगेटिव्हवर सगळं उलटं असतं.
सुरकुती घालवायची तर पेन्सिल लावायची,
सुरकुती आणायची तर ब्लेडच्या टोकानं खरवडायचं.
कोडम मास्तरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं,
साखर पेठेतल्या स्टुडिओच्या मागच्या खोलीत,
जिथं एप्रिल-मेमध्ये डेव्हलपर थंड ठेवायला
बर्फाची लादी लागायची.
सोलापूरचं ऊन डार्करूममध्येही शिरतं,
फक्त दिसत नाही.

राजमणी येमूल आली ती विड्यांचं सूप ठेवून तशीच,
बोटांना तंबाखू.
म्हणाली, अम्माचा फोटो पाहिजे.
मास्तर म्हणाले, द्या, मोठा करून देतो.
म्हणाली, नाही ना फोटो. म्हणून तर आले.

कारखान्याच्या कार्डावर होता एक,
तो कमरेच्या पिशवीत घामानं विरघळला.

नाक? माझ्यासारखं.
कपाळ? माझंच, पण कुंकू मोठं.
डोळे?
गिरणीचा भोंगा सुरू झाला, संपला.
डोळे नाही आठवत, म्हणाली. खोकला आठवतो.
वय? म्हातारी होती.
अम्मा गेली तेव्हा ही पंधराची,
आणि पंधराव्या वर्षी सगळ्यांच्याच आया म्हाताऱ्या असतात,
हे तेव्हा आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही.

मास्तरांनी स्टुलाकडे बोट केलं.
तूच बस.

दुसऱ्या दिवशी अम्माचं लुगडं नेसून आली.
चोळीला ठिगळ होतं, ते झाकायला
मास्तरांनी पदर मागून उजव्या खांद्यावर पुढं ओढला.
हनुवटी खाली. हसू नको.
अम्मा हसायची का गं?
ती म्हणाली, विचारून सांगते.
मग स्वतःच गप्प झाली.

तीन रात्री मी खरवडत होतो.
डोळ्यांखाली, ओठांच्या कडांना, गळ्यावर.
केसांत शिसं भरलं, तसे ते पिकले.
सव्वीसची बाई साठीला नेली.
प्रिंट बघून ती काउंटरला धरून उभी राहिली
आणि फोटोला तेलुगूत काहीतरी म्हणाली.
अठरा रुपये, चार हप्त्यांत.

आमच्या गावची चादर पालथी घालून बघा.
वर मोर लाल, जमीन पांढरी,
खाली मोर पांढरा, जमीन लाल.
पांघरणारा विचारत नाही, सुलटी कुठली.

परवा गड्ड्याला निघालेली भेटली, नातवाचा हात धरून.
स्टुडिओच्या जागी आता मोबाईलची कव्हरं,
तिथं थांबलो दोघं.
म्हणाली, दस्तगीरभाई, अम्मा घरीसुद्धा अशीच बसायची बघा,
पदर उजव्या खांद्यावर ओढून, हनुवटी खाली.
नातू म्हणाला, पणजी कडक होती. फोटोत दिसतंच.
मी म्हणालो, होय.

मग ती जरा लाजून बोलली,
माझा एखादा असेल का हो तुमच्याकडे?
तरणी होते तेव्हाचा.
नात विचारते, आज्जी तू कशी दिसायचीस.
लग्नातलासुद्धा नाही. कोण काढणार.

बिस्किटांच्या डब्यात ती फिल्म अजून आहे,
बटरपेपरात.
खिडकीशी धरली.
काळं तोंड, काळे केस,
कुंकवाच्या जागी उजेडाचं भोक.
केसांतलं शिसं ओल्या कापसानं निघेल.
खरवडलेलं भरता येतं, मास्तर म्हणायचे,
हात तेवढा हलका पाहिजे.
पण ब्लेडच्या त्या रेघांखाली ती असेल का अजून,
की फिल्मवरची भुकटी म्हणून
मी तेव्हाच तिला फुंकून टाकलं?

आज चार वाजेपर्यंत लाईट नाही.
हातही हलतो हल्ली.
पेन्सिलीला टोक काढतोय, लांब, सुईसारखं,
मास्तर काढायचे तसं.
निदान मला तसं आठवतंय.